ज्याचं वाक्य, त्याने उभं राहावं

मॅडम वर्गात कधी बसल्या नाहीत. खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पर्स आणि डबा बसायचा. भेस्तानच्या आमच्या खासगी आयटीआयमध्ये त्या कंत्राटावर इंग्रजी शिकवायच्या. इंग्रजीच्या पिरियडला इलेक्ट्रिशियनच्या वर्गाने झोपायचं, हा रिवाज त्यांनी उभं राहूनच मोडला. पोरांनी नावच ठेवलं, 'उभ्या मॅडम'. त्यांना ते माहीत होतं.

त्यांचा नियम एकच. "ज्याचं वाक्य, त्याने उभं राहून बोलायचं." एआयचं ॲप सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होतं आणि मॅडमनी ते कधी बंद करायला लावलं नाही. डिंडोलीच्या गणेशने एकदा 'माझं काम' या विषयावर असा झकास परिच्छेद आणला की वाटावं, विलायतेहून आलाय. मॅडम म्हणाल्या, "उभा रहा. वाच." तो 'पॅशनेट'वर अडकला.

"म्हणजे काय रे भाऊ?"

"ते मोबाईलला माहीत, मॅडम."

वर्ग खिदळला. मॅडम हसल्या नाहीत. त्याही डिंडोलीच्याच, त्याच कामगार वस्तीतल्या, वडील लूमवर कामाला. चिडल्या की घरची अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे? तुझं काम मोबाईल करतो का? काल वर्कशॉपमध्ये काय झालं ते सांग. इंग्रजीत."

गणेश चाचरत म्हणाला, "स्टार्टर बर्न. आय स्मेल. आय ऑफ मेन."

"हां! हे मोबाईलला दे, नीट करून घे. आता तू त्याला कामाला ठेवलंस. मघाशी त्याने तुला ठेवलं होतं."

हा हट्ट शौकाचा नव्हता. कडोदऱ्याकडच्या बऱ्याच मिलमध्ये मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. आत मशीनवर लिहिलेलं सगळं इंग्रजीत आणि मशीन बंद पडलं की शेठ डोक्यावर उभा. "गेटमधून जेवढं इंग्रजी तुमच्याबरोबर आत येईल तेवढंच तुमचं," असं मॅडम म्हणायच्या.

एक दिवस प्रिन्सिपल साहेब ट्रस्टींना घेऊन वर्गात आले. मॅडमना बाहेर थांबायला सांगितलं. "बिनधास्त बोलो, एआय से इंग्लिश सीखना कैसा लगता है?" आम्ही बिनधास्त बोललो, कारण आम्हाला कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. सुनीता म्हणाली, "कितीदाही विचारा, वैतागत नाही." गणेश म्हणाला, "शाळेत सरांनी मला मठ्ठ म्हणून मागे बसवलं होतं. हा मठ्ठ म्हणत नाही." मी म्हणाले, "पण तो लिहून देऊन मोकळा होतो. बोलायला मॅडमच लावतात." गणेशही म्हणाला, "मॅडम तर पाहिजेतच." ट्रस्टींनी मान डोलावली, आमच्याबरोबर फोटो काढला आणि गेले.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी फक्त सोयीची उचलली.

थोड्याच दिवसांत बोर्डावर नोटीस लागली. गुळगुळीत इंग्रजी, कुठे खडा लागेल तर शपथ. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचा आदर करून इंग्रजी आता एआयवर शिकवलं जाईल, म्हणे. मॅडमचं नाव कुठेच नाही, पण कंत्राट संपलं होतं. आमचा अभिप्राय! म्हणजे कामगाराच्या पोरांना विचारायचं ते त्यांच्याच तोंडून त्यांची मास्तरीण काढून टाकायला? ॲपवर माझा राग नाही. पगार वाचवायचाय तर सरळ तसं म्हणा, आम्हाला कशाला पुढे करता?

मॅडम बोर्डासमोर उभ्या होत्या, मागे आम्ही. प्रिन्सिपल साहेब केबिनमधून बाहेर आले तसं मॅडमनी त्यांना थांबवलं. "साहेब, आमच्या वर्गाचा नियम आहे. ज्याचं वाक्य, त्याने उभं राहून बोलायचं. ही नोटीस वाचून दाखवा."

साहेबांनी नोटिशीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि गुजरातीवर आले. "बेन, उपरथी आव्युं छे. हुं शुं करुं?"

"म्हणजे वाक्य तुमचं नाही."

"बेन, समजो ने."

"वरच्यांना बोलवा मग. मी थांबते."

वरचं कुणी आलं नाही. संध्याकाळी शिपायाने गेटला कुलूप लावायची वेळ झाली, तेव्हा मॅडमनी वर्गातल्या खुर्चीवरून पर्स आणि डबा उचलला. सुनीता रडायला लागली. तिला म्हणाल्या, "रडणं नंतर. आधी उद्यापासून एकमेकांना उभं करा." आम्ही केलं काही दिवस. मग पिरियडला भिंतीवर स्क्रीन आला, हेडफोन आले, आणि हेडफोनची वायर इतकी आखूड की उभं राहताच येत नाही.

मी आता कामगार वस्तीत युनियनची पत्रकं वाटते. ज्याने लिहिलं त्याने आधी चौकात उभं राहून ते वाचल्याशिवाय एकही पत्रक मी हातात घेत नाही. पोरं मला चिडवतात, "आली उभी मॅडम."

परवा गणेश भेटला. कापड मार्केटमधल्या एका दुकानात मॅडम बिलं बनवायला आहेत, तिथे त्याला दिसल्या होत्या. मी विचारलं, "कशा आहेत?"

तो म्हणाला, "बसलेल्या होत्या."