दाजींचे परग्रहवाले

अक्काचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात देवगिरी किल्ल्यावर फौज चढवत होतो. संध्याकाळी दाजींच्या दुकानात गेलो की त्यांच्या परग्रहवाल्यांना कुठं गाठायचं, हे एकदाचं पक्कं केलं होतं. अक्का एवढंच म्हणाली, "तुझे दाजी गेले रे... दुकान उघडता उघडताच." खरं सांगतो, मला आधी दुःख झालं नाही. राग आला. असे कसे गेले? डाव अर्धा टाकून? ज्या एका गोष्टीसाठी या माणसानं मला वर्षानुवर्षं झुलवत ठेवलं, ती गोष्ट न सांगताच हा गडी चालता झाला. दुःख त्यानंतर आलं, भरपूर आलं. पण दीड-दोन महिने झाले, राग काही गेलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खुलताबादकडच्या एका गावचे. घरी मेंढरं होती, पण यांचं मन शिलाई मशीनमध्ये. पुढं औरंगपुऱ्यात त्यांनी ड्रेपरीचं दुकान टाकलं. शाळांच्या स्नेहसंमेलनांना लागणारे कपडे भाड्यानं द्यायचे. मावळे, वाघ, पोलीस, झाड, टोमॅटो, सगळं एका दोरीवर लटकलेलं असायचं. एका वर्षी कुठल्याशा शाळेनं परग्रहवाल्याचा ड्रेस शिवायला सांगितला. दाजींनी हिरव्या साटिनचा मोठा झकास ड्रेस शिवला, टोपीवर दोन स्प्रिंगा आणि त्यांच्या टोकाला टेबल टेनिसचे चेंडू. ऐनवेळी शाळेनं नाटकच रद्द केलं. तो ड्रेस मग कायमचा आरशाशेजारच्या खुंटीला टांगला गेला. मी नुकताच विमा कचेरीतून निवृत्त झालो होतो आणि दिवाळी अंकांत अधूनमधून कथा लिहीत होतो. एका संध्याकाळी सहज विचारलं, दाजी, याचं आता काय करणार? दाजी काजं करत होते. मान वर न करता म्हणाले, "तो पृथ्वी घ्यायला आलाय, पाव्हणं. वाचवा आता."

असा तो डाव सुरू झाला. परग्रहवाले म्हणजे दाजी आणि उरलेली अख्खी मानवजात म्हणजे मी. एका संध्याकाळी एक चाल. केलेली चाल परत घ्यायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परग्रहवाल्यांची एकच एक कमजोरी होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून ठेवली होती, असं दाजी शपथेवर सांगायचे. ती हुडकली की पृथ्वी वाचली. मी रोज चहाच्या एका कपावर मानवजातीच्या वतीनं डोकं फोडायचो आणि दर दिवाळीला त्या लढाईची एक दीर्घकथा करून एका अंकाला द्यायचो. लोक आवडीनं वाचायचे. काहींची तक्रार असायची की हे परग्रहवाले आमच्याच भागात कशाला उतरतात, अमेरिका सोडून? हे दाजींना सांगितलं तर ते म्हणाले की तिकडं उतरले तर लगेच ओळखू येतील. म्हणूनच तर त्यांनी आपले परग्रहवाले वेरूळला उतरवले होते. तिथं जगभरातून चित्रविचित्र माणसं येतात, कोण बघतंय? झालंही तसंच. गाईड त्यांच्यामागं धावले, माळावाल्यांनी त्यांच्या गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या आणि दगडी हत्ती विकले. शेजारी घृष्णेश्वराच्या रांगेतल्या लोकांनी "मागून या" म्हणून त्यांना दटावलं. हल्ला झालाय हे माणसाच्या लक्षात यायलाच माझे चार-पाच दिवस गेले.

एकदाच काय ती दाजींची फजिती झाली. त्यांनी शहराचं पाणी तोडलं. धरणावरून येणारी पाइपलाइनच उखडली, आणि आता संभाजीनगर शरण येतं की नाही बघा म्हणून मिशीत हसत बसले. मी शांतपणे चहा संपवला आणि म्हणालो, दाजी, कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. लोकांना वाटलं, नळाची पाळी पुढं गेली असेल. दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. चाल परत घेतो म्हणाले, मी घेऊ दिली नाही. त्या रात्री घरी जाताना मी शीळ घालत गेलो.

पण ते तेवढंच. बाकी सगळा वैताग. मी काय काय करून बघितलं! मीठ टाकलं, धूर केला, मे महिन्याच्या उन्हात त्यांना शहागंजच्या चौकात उभं केलं, ठेचा खाऊ घातला, लग्नाच्या वरातीचा डीजे त्यांच्या कानाशी लावला. दाजी बाहीचं माप घेता घेता एकच उत्तर द्यायचे, "चालतं त्यांना." ऊन? चालतं. ठेचा? लई आवडला, अजून मागतात. देवगिरीच्या अंधारीत त्यांना कोंडायची चाल मी आठवडाभर घोकली होती. ती वाट म्हणजे दिवसाढवळ्या मिट्ट काळोख. दाजी म्हणाले, त्यांना अंधारात दिसतं. हे कधी ठरलं, असं मी ओरडून विचारलं. पहिल्यापासून, म्हणाले. मी चहा तसाच टाकून निघून आलो. आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो, कारण न जाऊन करणार काय? पृथ्वी अशी वाऱ्यावर सोडता येत नाही.

एकदाच माझ्या जाण्यात खंड पडला. डेंग्यूनं आडवा झालो होतो. एका संध्याकाळी जिन्यावर धापा ऐकू आल्या. दाजी होते. गुडघे धरून तीन मजले चढून आलेले. त्यांनी मोसंबी ठेवली, तब्येतीचं एका शब्दानं विचारलं नाही. खुर्चीत बसले आणि चिडून म्हणाले, "तिकडं माझी माणसं कधीची उभी हायेत. हल्ला करायचा कुणावर? पृथ्वीच हजर नाय." मला हसू आलं. कमजोरी सांगता का, म्हणजे लवकर बरा होईन, असं म्हटलं तर नाय म्हणाले आणि मोसंबी सोलायला घेतली.

दाजी वारल्यावर दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. दुखवट्याचं बोलून झाल्यावर म्हणाले, यंदा लढाई संपवून टाका, वाचक वाट बघताहेत. मी म्हटलं, कमजोरी मला ठाऊक नाही. तर म्हणतात कसे, अहो, तुम्हीच लेखक, घाला काहीही, एखादा विषाणू घाला! मी फोन ठेवून दिला. काहीही घाला म्हणे. मग इतकी वर्षं मी काय झक मारली? पृथ्वी अशी लबाडीनं वाचवायची नसते. दाजींनी काहीतरी ठरवलं होतं. ते शोधून काढणं माझं काम होतं, आणि ते मला जमलं नाही. ही बोच घेऊनच मी तेराव्यानंतर अक्काबरोबर दुकान आवरायला गेलो.

अक्का खाली बसून मावळ्यांचे फेटे गुंडाळत होती. मी वाघ झटकत होतो आणि तोंडानं तक्रार चालूच होती. निदान तुला तरी सांगायचं त्यांनी, बायको ना तू त्यांची? अक्कानं दुसरा फेटा ओढून घेतला. मग म्हणाली, "काय सांगणार? काही ठरवलेलंच नव्हतं."

मी वाघ खाली ठेवला.

"मला म्हणाले होते... ठरवलं तर तो हुडकून काढील. मग संध्याकाळी दुकानात कोण येणार?" तिनं फेट्याची गाठ मारली. "कपडे आता सगळे ऑनलाइन घेतात रे. डिसेंबर सोडला तर कुणी फिरकत नव्हतं इकडं. दिवसभर नुसते बसून असायचे. चार वाजले की दोन कप विसळून ठेवायचे."

लबाड माणूस! पहिल्या दिवसापासून लबाडी. मीठ, धूर, ऊन, अंधारी, सगळं फुकट. मी अख्ख्या मानवजातीला या माणसापायी राबवलं, आणि तिच्या शत्रूला कमजोरीच नव्हती. मी अक्कासमोर दाजींना वाट्टेल ते बोललो. अक्कानं बोलू दिलं. बोलता बोलता माझा आवाज गेला, तेव्हा ती उठली आणि तिनं स्टोव्ह पेटवला. कप मात्र एकच होता. दुसरा कुठं गेला ते कळलं नाही.

बाकीचे कपडे एका नाटक मंडळीला दिले. हिरवा ड्रेस मी उचलून आणला, आता तो माझ्या खोलीत दारामागं टांगलाय. पंखा लावला की चेंडू हलतात. संपादकांना कळवून टाकलं की यंदा कथा नाही, लढाई संपलेली नाही. तरी चार वाजले की चप्पल पायात सरकवली जाते. औरंगपुऱ्यात जातो. शटर बंद असतं, पायरीवर थोडा वेळ बसतो. शेजारचा चहावाला काही न विचारता कप आणून देतो. मीही एखादी चाल मनात धरून गेलेलो असतो, सवयच ती... दाजी, बघा, पृथ्वी रोज वेळेवर हजर आहे. आता तुमच्याच माणसांचा पत्ता नाही.