माफी मागणारे मावसाजी

माफी मागण्यात आमच्या मावसाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या नागपुरात नव्हता, आणि असलाच तर मावसाजींनी त्याचीही माफी मागितली असती. मावसाजी म्हणजे माझ्या आईच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकोणीसशे बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास ते तारखात्यातून निवृत्त झाले, तेव्हा पाळकसाहेबांनी चर्चला येणं सोडून दिलेल्या लोकांची यादी त्यांच्या हाती दिली. वर लिहिलं होतं, 'भरकटलेली मेंढरे'. मावसाजींनी ते तिथल्या तिथे खोडलं. "भरकटले काहून म्हणता? आपणच हाकललं असन त्यायले," असं म्हणत त्यांनी लिहिलं, 'आपण ज्यांना दुखावले ते'. नावं एकोणीस होती. शेवटचं माझ्या बाबांचं.

बाबांचा आवाज भारी होता, पण सुराशी त्यांचं कधी पटलं नाही. एकदा नाताळच्या गाण्यांची तालीम चालू असताना मावसाजींनी पेटी थांबवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तू नुसतं तोंड हालव गा, आवाज आमी काढतो." मंडळी पोट धरून हसली. त्या दिवसापासून बाबा चर्चची पायरी चढले नाहीत. सहा वर्षं आई दर रविवारी मला घेऊन जायची, बाबा पेपर घेऊन ओसरीत बसायचे, आणि साडू-साडूंमध्ये अवाक्षर नव्हतं. आईला हे फार लागायचं.

इतरांच्या बाबतीत मात्र मावसाजींची गाडी भरधाव सुटली. सायकल कोपऱ्यावर लावायची, चपला रस्त्यातच काढायच्या, खुर्ची दिली तरी उंबऱ्यापाशी जमिनीवर बसायचं आणि मान खाली घालून म्हणायचं, "आमचं चुकलं." 'चर्चला या' हे शब्द चुकूनही काढायचे नाहीत. रेल्वेतले एक गार्ड लांबलचक उपदेशाला कंटाळून यायचे थांबले होते. मावसाजींनी उपदेशाबद्दल माफी मागितली आणि पुढच्या रविवारपासून पहिल्या बाकावर बसून वीस मिनिटं झाली की ते खोकू लागले. पाळकसाहेबांनी काळजीने खडीसाखर पाठवली आणि आजाऱ्यांसाठीची प्रार्थना दुप्पट लांबवली. एका म्हातारबाईला बाकात ढेकूण चावला होता. तिला मावसाजी म्हणाले, "बाई, तो ढेकूण आमचाच होता." ती हसत हसत परत आली.

खरी गंमत झाली गांधीबागेत. यादीत 'वसंत सोनटक्के' असं नाव होतं. आम्हा ख्रिस्ती लोकांची आडनावं शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखीच असतात, त्यामुळे मावसाजी पोचले ते एका कापडवाल्या वसंतराव सोनटक्क्यांकडे. गादीमागे लक्ष्मीची ही भलीमोठी तसबीर होती, पण मान वर केली तर ना! चार शनिवार मावसाजींनी माफी मागितली. चारही शनिवार वसंतराव "असू द्या, असू द्या" म्हणत चहा पाजत राहिले. पाचव्या शनिवारी ते काकुळतीला आले. "काका, तुमी आमचं नेमकं काय केलं, ते तरी सांगा. घरची म्हणून राहिली, पोलिसात जा."

मावसाजींनी मान वर केली, लक्ष्मी पाहिली आणि ताबडतोब चुकून मागितलेल्या माफीची माफी मागितली. वसंतराव इतके हसले की गिऱ्हाईकं उठून आली. मग त्यांनी गल्लीच्या टोकाच्या, आपल्याच नावा-आडनावाच्या वसंता शिंप्याला हाक मारली. "चार शनवारची तुही माफी मीच खाल्ली गा. पाचवी तू घे." शिंपी दुसऱ्याच दिवशी चर्चमध्ये हजर.

अठरातले सगळे काही परतले नाहीत, पण चहा सगळ्यांनी पाजला. उरलं एक नाव. मावसाजी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येत आणि सायकल वळवून जात. मी स्वतः तीनदा पाहिलं. "साऱ्या गावाची माफी मागते माणूस," आई म्हणायची, "अन् घरच्याची मागाले जीभ उचलत नाही."

एका उन्हाळ्यात भर दुपारी ते आले. जमिनीवर बसले नाहीत; बाबांच्या समोरची खुर्ची ओढून बसले. तोंडातून 'आमचं' एवढंच निघालं आणि ते अडले. घाम पुसला. मग म्हणाले, "माह्यं चुकलं गा. चर्चचं नाही. माह्यं."

बाबांनी पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शेवटी बाबा म्हणाले, "रविवारची उपासना कितीले असते?"

उपासनेची वेळ बाबांच्या जन्माआधीपासून बदललेली नव्हती. मावसाजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यांना रडूच कोसळलं. म्हणून मीच सांगितलं, "साडेआठले, बाबा."

आता दोघंही नाहीत. माझंही चर्चला जाणं कधीचं सुटलं आहे, काही भांडणतंटा न होताच. कुणाचं काही चुकलेलंच नाही, त्यामुळे माफी मागायला कुणी येत नाही. आणि खरं सांगतो, रविवारी सकाळी मला मावसाजींची फार आठवण येते.