ओळीचा शेवटचा शब्द

माझ्या नवऱ्यानं पहिला सोलो अल्बम काढला, त्या वर्षी मी इतकी थकली होती की बसमध्ये उभ्या-उभ्या डोळा लागे. राजधानीची ऑफिसं गेली नव्या रायपुरात, त्यात माझंही, अन् आम्ही राहिलो जुन्या शहरात भनपुरीजवळ, कारण नवरा तिथल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाले. रोजची बस माझ्याच नशिबी.

घरी यावं तर हा रॅप करून राहिलेला. येशूचा रॅप, तोही हिंदीत. आधी चर्चमधला एक मित्र सोबत असे. रॅपमध्ये दम फार लागते बाप्पा! हा ओळ म्हणे, ओळीतला शेवटचा शब्द मित्र म्हणे, तेवढ्यात हा श्वास घेऊन घे. मग मित्र नोकरीसाठी पुण्याले गेला. आता शेवटचा शब्द कोण म्हणणार? मी. पोळ्या लाटता-लाटता.

"धूल में गिरा था मैं, हाथ पकड़ा किसने—" असं म्हणून हा माझ्याकडं पाहे.

"यीशु ने. अन् आता ताट घ्या."

पोळी जळे, पण शब्द चुकत नसे. सगळा अल्बम मले पाठ झाला. वाटे, एखाद्या गाण्यात तरी माझा आवाज घेईल.

रेकॉर्डिंग पुरानी बस्तीतल्या एका खोलीत होतं. एरवी तिथं देवीची जसगीतं रेकॉर्ड होत, त्यातून वेळ काढून स्टुडिओवाल्या भैयानं आमच्या येशूले दुपार दिली. "मी पण येऊ का?" मी विचारलं.

"तू काहून दगदग करते? शेवटच्या शब्दाले भैया माझाच आवाज दुसऱ्यांदा टाकून देईन. सोलो आहे न!"

अल्बम आला. शेवटी आभार होते. प्रभूचे, पास्टरचे, आईचे, स्टुडिओवाल्या भैयाचे, पुण्याच्या मित्राचेसुद्धा. माझे नाही. जीव जळला माझा, खरं सांगते. भांडायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, सुटली मी एकदाची. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात एक शब्द म्हटला नाही.

मग एका रविवारी चर्चमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. पेनड्राइव्हवर नुसतं म्युझिक, आवाज याचा एकट्याचा. मी बायांच्या बाजूला, मागच्या खुर्चीवर. पहिलं गाणं कसंबसं निभावलं. दुसऱ्यात ती ओळ आली.

"हाथ पकड़ा किसने—"

अन् दम संपला. तोंड उघडं, म्युझिक चालू, अन् याची नजर बायांच्या बाजूला. मी ओठ दाबून बसली. भोगा आता! सोलो आहे न?

पण सगळं चर्च ऐकून राहिलं होतं. हात कोणी पकडला, ते कोणीच सांगेना. माझा राग नवऱ्यावर होता. येशूनं माझं काय बिघडवलं होतं?

"यीशु ने!" मी बसल्या जागेवरून ओरडली.

त्यानं श्वास घेतला, पुढची ओळ म्हटली, अन् शेवटचा शब्द पुन्हा माझ्यासाठी सोडला. शेवटपर्यंत तसंच चाललं. माइक नाही, काही नाही.

घरी येताना म्हणे, "तू नसती तर अटकलो असतो."

"अटकलेच होते तुम्ही," मी म्हटलं.

कोणीतरी चर्चमधलं ते गाणं मोबाइलवर काढून ठेवलं होतं. अल्बम आता आमच्या घरी कोणी लावत नाही. हा ते मोबाइलवालंच ऐकते. त्यात माझा आवाज थकेल आहे, जेवायले हाक मारल्यासारखा. पण आहे.