कॅरियरवरची पॅन्ट

तीन दिवसांच्या सायकल सहलीला माणसाला एकच जास्तीची पॅन्ट लागते, या मताचा मी आजही आहे. फक्त ती रिकामी असावी.

गोंदियात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि पोट दुकानाच्याही पुढे आलेलं आहे. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, म्हणून मी सायकल मंडळात गेलो आणि महिनाभरातच तिथे भाषणं द्यायला लागलो. विषय एकच, सामान कमी! "माणूस अंतरानं थकत नाही, ओझ्यानं थकतो!" (हे मोबाइलवर ऐकलेलं. पण माझ्या आवाजात जास्त पटायचं.) शेवटी मंडळाचे नरेशभाऊ वैतागले. "भैया, बोलते बहुत हो. आता करून दाखवा!" ठरलं. पहिला मुक्काम सडक अर्जुनीला, मग नवेगावबांधचा तलाव, परतीचा मुक्काम सौंदडला. आल्यावर माझ्याच दारात सगळ्यांसमोर सामानाचं वजन. काटा पाच किलोच्या वर गेला, तर मंडळात पुन्हा तोंड उघडायचं नाही!

आदल्या दिवशी मी कात्री घेऊन बसलो. टॉवेल मधोमध कापला.

"अजी, हे काऊन कापून राहिले?" बायकोनं, म्हणजे रेखानं, विचारलं.

"वजन!"

"मंग आंग अर्धंच पुसाल का?"

तिनं एक रिकामी कापडी थैली पुढे केली. "हे तरी ठेवा. सौंदडले माह्या मावशीकडं राहून राहिले ना? मावशी जवाईले खाली हातानं पाठवत नाही."

"थैलीलाही वजन असतं, रेखा!" असं म्हणून मी ती परत केली. पुढे तिची मला फार आठवण आली. (थैलीची. रेखाचीही, पण थैलीची आधी.)

सडक अर्जुनीच्या लॉजवाल्यानं माझी इवलीशी पिशवी पाहून एवढंच विचारलं, "भाऊ, बायकोनं हाकललं का?" आणि भाडं आधी घेतलं. तेही मी कौतुक समजलो.

सौंदडला मावशींनी जीव ओवाळून टाकला. सकाळी निघताना पाहतो तर कॅरियरवर तांदळाची चुंगडी, म्हणजे चांगलं पोतंच!

"मावशी, अहो, वजन..."

"कायचं वजन? घरचा नवा चिन्नोर तांदूळ हाय. जवाई खाली हातानं गेले तं गाव मले काय म्हणंन? आन तुमाले का डोक्यावर न्याचं हाय? सायकलच तं नेते!"

"पुढच्या वेळी नेतो ना."

मावशींचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, म्हणून चुंगडी राहू दिली. तेवढ्यात त्यांनी रेखाला फोनही लावला. "तांदूळ पाठवून राहिली वो!" झालं! आता तांदूळ घरी पोचणं भाग होतं.

थोडं अंतर गेल्यावर सायकल हलकी वाटायला लागली. मला वाटलं, तब्येत सुधारली! तेवढ्यात एक मोटारसायकलवाला ओरडला, "ओ भाऊ! डांबरावर धान पेरून राहिले का?" मागे वळून पाहिलं. चाकाला घासून चुंगडी फाटली होती आणि माझ्या मागे तांदळाची लांब रेघ होती. रेघेच्या टोकाला एक बकरी.

थैली नाही. दोरी नाही. होती ती जास्तीची पॅन्ट. बुटांच्या नाड्यांनी तिचे दोन्ही पाय बांधले, उरलेले तांदूळ आत भरले, कमरेची नाडी आवळली आणि कॅरियरवर दोन्हीकडे पाय सोडून तिला बसवलं. तोल काय सुरेख आला! खाली सांडलेले शेवटचे दाणे वेचायला म्हणून वाकलो आणि टर्रकन आवाज झाला. अंगावरची पॅन्ट मागून फाटली!

दुसऱ्या पॅन्टमध्ये तांदूळ. अर्धा टॉवेल मागून लावला तर पोटामुळे पुढे गाठ येईना. पॅन्ट रिकामी करून घालावी, असं मनात आलं. पण रस्त्यावर अन्न ओतायचं? आणि रेखाला काय सांगायचं? शेवटी मी ठरवलं, सीटवर बसायचं आणि घर येईपर्यंत उठायचं नाही. चढावर उतरलो नाही, चहाला उतरलो नाही. ढाब्यावरचे ट्रकवाले म्हणाले, "वा भाऊ, काय दम हाय!"

दारात सगळं मंडळ हार घेऊन उभं. नरेशभाऊंच्या हातात वजनकाटा.

"अरे भैया, ये पीछे आधा आदमी कौन बैठा है?"

मी एक पाय ओट्याला टेकवून सीटवरच बसून राहिलो.

"उतरो तो सही!"

"नाही."

"काऊन?"

"बरं वाटतं असंच."

मंडळी ओढायला पुढे सरसावली. तेवढ्यात रेखा बाहेर आली. एकदा तिनं कॅरियरवरच्या पॅन्टकडे पाहिलं, एकदा माझ्या बसण्याकडे. तशीच आत गेली आणि टॉवेलचा उरलेला अर्धा भाग घेऊन आली. (त्यानं ती तीन दिवस ओटा पुसत होती.) लग्नानंतर मला तिच्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

पिशवीनं काटा जेमतेम हलवला. पण पॅन्ट हे सामानच, असा मंडळाचा निकाल पडला आणि मी हरलो.

तांदूळ मात्र अप्रतिम निघाले. भाताचा वास शेजाऱ्यांपर्यंत जातो. कुणी जेवायला आलं की रेखा प्रेमानं वाढते आणि म्हणते, "घ्या जी, लाजू नका. ह्यायच्या पॅन्टमधले हायेत."

तेव्हापासून मंडळात मी तोंड उघडत नाही आणि माझ्या घरी पाहुणे.