व्याह्यांच्या पंगतीतला पेशंट

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, कल्याणच्या एका इस्पितळात मी माझ्या नवऱ्याचा डॉक्टरांशी बोलण्याचा हक्क काढून घेतला होता. हृदयाचा झटका येऊन गेलेला, तरी डॉक्टर राउंडला आले की हा गृहस्थ व्याह्यांच्या पंगतीत बसल्यासारखा म्हणायचा, “छान आहे साहेब, काही कमी नाही.”

एका सकाळी ते ऐकून डॉक्टर डिस्चार्जचं बोलू लागले. मी म्हटलं, “खोटं बोलतायत! उठल्यापासून छाती चोळतायत.”

डॉक्टरांनी मला पडद्याबाहेर काढलं. आतून नवऱ्याची कुजबुज आली, “दुखतंय हो. पण हिला सांगू नका, घाबरेल.”

मी बाहेरूनच ओरडले, “माझं कधीच घाबरून झालंय! आता तपासा त्यांना!”