स्थानिक सुविधा

जळगाव जामोदला १९७४ साली मी कॉलेजात मराठी शिकवत होतो, म्हणजे फारसं काही करत नव्हतो. शेषराव सर पदार्थविज्ञान शिकवत आणि स्फटिक वाढवत. लिथियम आयोडेटचा नितळ स्फटिक मिळाला की मुंबईची मंडळी त्यात लेसरचे दोन रंग सोडणार आणि पलीकडून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश निघणार, असं ते स्टाफरूममध्ये सांगत. स्फटिक मात्र दुधट निघत. वीज जायची, थर्मोस्टॅट बंद पडायचा आणि द्रावणाचं तापमान हललं की महिन्यांची मेहनत वाया जायची. सर मग शालिग्रामवर खेकसत, कारण वीजमंडळावर खेकसायला ट्रंककॉल लावावा लागे.

शालिग्राम लॅबचा शिपाई. एकदा बरणी धुता धुता तो म्हणाला, "सर, आमच्या पेवात ठेवून पाहा न. तिथं उन्हाळाबी नाई अन् हिवाळाबी नाई."

जमिनीखालचं ज्वारीचं कोठार विज्ञानाला शोभेना. पण चौथा स्फटिक तडकला तेव्हा सर आपण होऊन शालिग्रामच्या अंगणात आले, मलाही सोबत घेऊन. शालिग्रामने एकच मागितलं, "जे छापसान त्यात माहं नाव टाका."

"टाकतो," सर म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

त्याची बायको अन्नपूर्णाबाई हिने वर्षाची ज्वारी उपसून घरात पोत्यांत भरली. "दिसत नाई त्या उजेडासाठी माही जवारी बाहीर," एवढं बोलून ती चाळणी शोधायला गेली.

आठ महिने शालिग्राम पेवाचं तोंड उघडून आधी कंदील खाली सोडायचा. विझला तर खालची हवा वाईट, त्या दिवशी उतरायचं नाही. तेवत राहिला तर दोरीने उतरून, बरणीला धक्का न लावता स्फटिक बघायचा आणि दहाच्या ठोक्याला कॉलेजात सरांचं पाणी भरायचा. अंगठ्याएवढा नितळ स्फटिक निघाला. मुंबईला त्यातून अवरक्त प्रकाश मिळाला. तोवर पोत्यातल्या ज्वारीत सोंडे झाले होते, नवराबायको ती चाळून खात होते.

शोधनिबंध इंग्रजी नियतकालिकात छापून आला. सरांचा सत्कार झाला, हार घालायला मीही पुढे होतो. दुसऱ्या दिवशी शालिग्रामने तो इंग्रजी अंक माझ्यापुढे धरला.

"माहं नाव कुठी हाये?"

मी शेवटपर्यंत शोधलं. तळाशी एक ओळ होती: 'स्थानिक भूमिगत सुविधेचे आभार.' तिचं मराठी करून सांगताना मला लाज वाटली. त्याने अंक नीट मिटून कपाटात ठेवला.

महिन्याभरात मुंबईने याहून मोठा स्फटिक मागितला. सर पुन्हा मला घेऊन अंगणात आले, बाजेवर बसले.

"या वेळी नाव नक्की, शालिग्राम."

"पेवात जवारी भरली, सर."

"पुन्हा उपसता येईल की."

"येते न. पण मले काऊन इचारता? ज्याचे आभार मानले त्याले इचारा."

अन्नपूर्णाबाईने चहा आणला. सर तो बशीत न ओतताच प्यायले आणि तोंड भाजून घेतलं.

मुंबईला पत्र गेलं. त्याची प्रत फायलीला लावायचं काम शालिग्रामचंच. ती त्याने माझ्याकडून वाचून घेतली: 'सदर स्थानिक सुविधा यापुढे उपलब्ध होणार नाही.'

"हे मीच न, सर?"

"हो," मी म्हणालो.

त्याने प्रत फायलीला लावली, दोरी बांधली.

"मंग या बारीले खरं लिवलं त्यायनं."