माटोळीपुरती ताकद

माझी बायको देवकी आजारी पडल्यावर पार्स्यातलं अर्धं गाव तिला भेटायला आलं. उरलेलं अर्धं येऊ नये अशी माझी फार इच्छा होती, पण तेही आलं.

येणारा बिस्किटांचा पुडा घेऊन यायचा, "कशी आसस गो?" म्हणायचा आणि ऐसपैस बसायचा. मग छातीच्या कॅन्सरची किमो घेऊन आलेली ही बाई उठून त्याला चहा करायची. माणूस चहाशिवाय दारातून गेला तर तिची अब्रू जाणार होती. पाहुण्याची पाठ वळली की ती भिंत धरत खोलीत जायची. मी ओरडायचो, "पड गो तू!" आणि उरलेला दिवस तिला खाटेवरून हलू द्यायचो नाही. मला वाटायचं, मी सेवा करतोय.

थकवा काही हटेना. चतुर्थी जवळ आली तशी तिला एकच काळजी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे बांधतात, ती माटोळी. लग्न होऊन आल्यापासून ती देवकीच बांधते. "यंदा माझा हात लागला नाही तर मी मेल्यातच जमा," ती म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो आणि मागच्या पडवीत जाऊन रडलो.

मग आरोग्य केंद्रातली नर्स विनोदिनी आली. आधी तिने डॉक्टरांना सांगून हिचं रक्त तपासून घेतलं. मग मला समोर बसवलं. "भाऊ, हा थकवा झोपून जात नाही. दिवसभर पडून राहिली तर असलेलं बळही जाईल. रोज अंगणात थोडं चालू दे. दमायच्या आधी बसू दे. आणि आहे ते बळ कशावर घालवायचं, ते तिलाच ठरवू दे."

"माटोळीवर," देवकी चटकन म्हणाली.

"मग चहा बंद."

देवकीचा चेहरा असा उतरला, की कॅन्सर कळला तेव्हाही तसा उतरला नव्हता.

तेव्हापासून येणाऱ्याला मी सरळ स्वयंपाकघर दाखवू लागलो. चहा तुमचा तुम्ही करा, आमचाही करा. शेजारचा बाबली हिला बघायला आला आणि नारळ खवून देऊन गेला. गर्दी आपोआप कमी झाली.

माटोळीची चौकट यंदा छताला न टांगता आधी दोन खुर्च्यांवर ठेवली. देवकी स्टुलावर बसून थोडं बांधायची, आडवी व्हायची, पुन्हा उठायची. मी फळं हातात द्यायचो. गाठ मारायला गेलो की हातावर फटका बसायचा. शेवटची गाठ तिचीच. मग आम्ही पुरुषांनी चौकट वर चढवली.

संध्याकाळी आरतीला घर भरलं. आमच्या वाड्यावर आरतीला घुमट, ते तोंडावर कातडं ताणलेलं मडकं, मी वाजवतो, आणि हळू वाजवणाऱ्याला मी आजवर माणसात धरलेलं नाही. थाप मारायला हात उचलला, तर देवकी भिंतीकडेला चटईवर आडवी. एवढे पाहुणे घरात, आणि ती सगळ्यांसमोर गाढ झोपलेली. जन्मात असं कधी केलं नव्हतं तिने.

मी घुमट खाली ठेवलं.

"घुमटाशिवाय आरती रे?" बाबली म्हणाला. "देवाक ऐकाक कशी येतली?"

"देवाचे कान शाबूत आहेत. हळू म्हणा."

घरभर माणसांनी कुजबुजत आरती म्हटली. मग चहा मी केला.